आभार न मानलेली लोबेलिया

मी एक जुनी, काळपट पानांची लोबेलिया, म्हणजे एक फुलझाड आहे. चार उन्हाळे पाहिले; आमच्यात एवढ्यावरच म्हातारी म्हणतात. स्वभावाने मी जळकी आहे, हेही आधीच सांगून टाकते.

मित्रांनो, माझा जन्म अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात, ओढ्याकाठच्या चिखलात झाला. ओपलने मला मुळासकट खणून काढले आणि धाकट्या बहिणीला, व्हर्नाला, दिले. व्हर्नाने मला घेतले आणि तोंड घट्ट मिटले. कुणी दिलेल्या रोपाबद्दल आभार मानले की ते रोप मरते, अशी या डोंगरात सगळ्यांची समजूत आहे. त्यामुळे माझ्या वाट्याला तो शब्द इतकी वर्षे आलाच नाही.

व्हर्नाने मला ओसरीच्या पायरीशी लावले. भाज्या धुतलेले पाणी ती रोज मला घालायची. जुलैत मला लालभडक तुरे आले आणि फुलांतला मध पिणारी इवलीशी हमिंगबर्ड पाखरे येऊ लागली. काळ्या पानांवर तो लाल रंग असा खुलायचा, की शेंगा निवडता निवडता व्हर्नाचे हात थांबायचे. मला आणखी काय हवे होते?

यंदा ओपलने पाखरांसाठी साखरपाण्याची लाल बाटली आणली आणि बरोबर माझ्या डोक्यावर टांगली.

"ताई, तुझे आभार मानावेत तेवढे थोडेच गं," व्हर्ना म्हणाली.

बाटलीला कुठली बंदी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ना मूळ, ना पान, आणि मान केवढा! मेली पाखरेही तिकडेच वळली. व्हर्नाची नजरही वरच, त्यामुळे माझे पाणी चुकू लागले. चिखलात वाढलेली मी ऑगस्टच्या उन्हात करपत चालले.

"हे वाळकं उपट आता," ओपल म्हणाली. "बाटली आहे की."

त्याच आठवड्यात बाटलीतले पाणी उन्हाने आंबले. ते पिऊन एक पाखरू ओसरीवर पडले. खोटे कशाला बोलू, बाटलीची फजिती पाहून मला आधी आनंदच झाला. पाखरू धडपडताना दिसले तेव्हा लाज वाटली. व्हर्नाने त्याला ओंजळीत घेऊन माझ्या उरल्यासुरल्या फुलाशी धरले. ते प्यायले, थोडे थांबले आणि उडाले. तिने बाटली काढून फेकली आणि माझ्या मुळाशी बादल्यांवर बादल्या ओतल्या. पण उशीर झाला होता. माझा दांडा वाळला. बुंध्याशी फुटलेली पिल्ले, माझ्या तीन पोरी, तेवढ्या हिरव्या राहिल्या.

थंडीच्या आधी व्हर्नाने त्यांना कुंड्यांत हलवले. एक ओपलला दिली. तिने ती मुकाट्याने नेली. उरलेल्या दोघींना व्हर्नाने घरात ठेवले, दार लावून घेतले आणि ती माझ्याजवळ पायरीवर येऊन बसली.

"आता तुला काही व्हायचं राहिलं नाही बाई," ती हळूच म्हणाली. "म्हणून बोलते. तुझे फार उपकार झाले."

मित्रांनो, तुमच्याकडे अशी बंदी नसेल, तर झाड हिरवे आहे तोवरच त्याच्याशी बोला आणि उन्हाळ्यात त्याचे पाणी चुकवू नका. मला मात्र उशिरा का होईना, माझे मिळाले. दाराआडच्या पोरींना त्यातला एक शब्दही ऐकू गेला नाही, आणि त्याचा मला फार आनंद झाला.