बारापैकी बारा

जकार्तातल्या एका अॅप कंपनीत मी डिझायनर झाले तेव्हा पन्नाशीला टेकले होते. माणूस फोनवर कुठे अडतो ते बघायचं आणि त्याप्रमाणे अॅपची स्क्रीन आखायची, हे आमचं काम. अजूनही कोणी फोन हातात घेतला की माझी नजर आधी अंगठ्यावर जाते.

आठ महिने बाजारात बसून मी चाळीस पानांचा अहवाल लिहिला होता. टीममधल्या रेनाल्दीने त्यावरचं माझं नाव काढून स्वतःचं घातलं आणि तो टीमचा म्होरक्या झाला. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. आता विभागप्रमुखाची जागा रिकामी होती, आणि संचालिका बू लिंदावती, म्हणजे लिंदावतीबाई, आम्हा दोघांपैकी एकाला नेमणार होत्या.

मध्य जावातल्या सोलो शहरातल्या बाटिक विक्रेत्या बायकांसाठी, फोटो टाकून माल विकायचं नवं अॅप होतं. चाचणीला रेनाल्दीने मलाही नेलं.

"बू वुर, तुम्ही फक्त ओळखी करून द्या. बाकी मी बघतो."

"बघा की, मास," मी म्हटलं. मास म्हणजे दादा, वयाने लहान असला तरी.

तो प्रत्येकीला विचारायचा, "समजलं ना, बू? सोपंय ना?"

"इंगिह, मास, इंगिह."

इंगिह म्हणजे जावानीज भाषेत हो. पण आम्हा जावानीज बायकांचं पाहुण्यापुढचं इंगिह म्हणजे नुसतं 'ऐकलं हं बाबा'. जकार्तात वाढलेल्या रेनाल्दीला हे कुठून कळणार? तो कागदावर 'पास'च्या खुणा करत गेला. मी अंगठे बघत होते. फोटोच्या बटणावर येऊन एकेक अंगठा थबकत होता, मागे फिरत होता.

"बारापैकी बारा पास!" गाडीत तो म्हणाला. "तुम्ही उगाच महिनोन्‌महिने बसून राहता बाजारात."

"जुन्या वळणाची बाई मी," म्हटलं, आणि खिडकीबाहेर बघत बसले. इतकं गोड गप्प बसणं मला आयुष्यात जमलं नव्हतं.

दोन महिन्यांत नऊशे बायकांपैकी एकतीस जणींनी अॅपवर माल चढवला. बैठकीत रेनाल्दी उसळला, "बू वुर तिथे होत्या! त्यांना जावानीज येतं, त्यांनी का नाही सांगितलं?"

"चाचणीच्या अहवालावर माझं नाव आहे का बघा, मास."

बू लिंदावतींनी पान उलटलं. एकच नाव होतं. मग मी माझी वही पुढे केली. बाराही जणी, आणि कोणाचा अंगठा कुठे अडला ते.

"हे तेव्हाच दिलं असतंत तर?" त्यांनी विचारलं.

"मागच्या वेळी चाळीस पानं दिली होती. ती कोणाच्या नावावर गेली, विचारा त्यांना."

 बू लिंदावतींनी विचारलंही नाही. रेनाल्दीच्या तोंडावरच लिहिलं होतं.

जागा मला मिळाली. बायकांचे दोन महिने फुकट गेले, याचं आजही वाईट वाटतं. रेनाल्दीचं मात्र नाही. प्रमुख म्हणून पहिली सही केली ती त्याच्या बदलीवर. सोलो, तीन महिने.

"काय करू तिथे?" त्याने विचारलं.

"बुटक्या स्टुलावर बसायचं आणि बघायचं. एक प्रश्न विचारायचा नाही. रोज संध्याकाळी मला लिहून पाठवायचं. आणि मास, प्रत्येक पानावर, जिला बघून लिहिलं त्या बाईचं नाव हवं."