बोटांतल्या मुंग्या

ब्रेल छापखान्यात तिला सगळे मास्तरीण म्हणत. शाळेत तिने कधीच शिकवलं नव्हतं. पण तिच्या बोटांखालून चूक निसटली, असं बावीस वर्षांत क्वचितच झालं होतं. ती जन्मापासून आंधळी. समोर बसणारा डोळस सहकारी मूळ पुस्तक मोठ्याने वाचायचा, ती छापून आलेल्या ठिपक्यांवरून बोट फिरवत त्याच्या मागोमाग जायची आणि कुठे जुळलं नाही की म्हणायची, "थांबा." त्या सहकाऱ्याचा आवाज खणखणीत, म्हणून त्याचं नाव पडलं होतं रेडिओ.

आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि केमो सुरू झाली. दर पंधरा दिवसांनी एक, असे बारा डोस. भाऊ परगावी. ऑपरेशनच्या वेळी तो दहा दिवस येऊन राहिला, पण नोकरी सोडून किती राहणार? पहिल्या डोसाला ती एकटीच टॅक्सीने गेली.

वॉर्डातली सिस्टर बोलायला फटकळ होती. सुई लावता लावता तिने सगळं सांगून टाकलं.

"उलटीची गोळी जेवणाआधी अर्धा तास. मळमळ सुरू व्हायची वाट बघायची नाही. तोंड आलं तर कोमट पाण्यात मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या. ताप शंभराच्या वर गेला की तेव्हाच्या तेव्हा फोन, 'उद्या बघू' चालणार नाही. आणि गार वस्तूला हात लावायचा नाही, बोटांना शॉक बसल्यासारखं होईल. मुंग्या आल्या तर मला सांगायच्या. किती दिवस टिकल्या, तेही."

मास्तरणीने सगळं तंतोतंत पाळलं. उलटीच्या गोळ्यांच्या बाटलीला एक रबरबँड, जुलाबाच्या बाटलीला दोन. बोलणारा थर्मामीटर आणला. तो सकाळ-संध्याकाळ आकडा सांगायचा, आणि काही दिवस तर घरात तेवढाच एक आवाज असायचा. फ्रिज उघडायला हातमोजे होतेच, काठीच्या मुठीलाही तिने लोकर गुंडाळली. प्रत्येक घासाला लोखंडाची चव यायची. मग ती थोडं थोडं, दर दोन तासांनी खायची आणि स्वतःलाच म्हणायची, "चला बाई, खिळे खाऊन घ्या."

मुंग्या यायच्या, पण तीन-चार दिवसांत जायच्या. सिस्टरने विचारलं की ती म्हणायची, "थोड्या. जातात."

सहाव्या डोसानंतर त्या गेल्या नाहीत. आधी बोटांच्या टोकांना कागद चिकटवल्यासारखं वाटायला लागलं. मग तो कागद जाड होत गेला. ठिपके आहेत एवढं कळे. किती आणि कुठे, ते कळेना. सातव्या डोसाला सिस्टरने विचारलं, आणि ती म्हणाली, "थोड्या. जातात."

औषध बंद केलं तर आजार उलटेल, ही भीती होतीच. पण खरं सांगायचं तर ते शब्द तोंडातून काढायचीच तिची हिंमत होत नव्हती. बोलून दाखवलं की ते खरं होईल, असं काहीतरी.

छापखान्यात ती जात राहिली. भूगोलाचं पुस्तक चाललं होतं. रेडिओ वाचायचा आणि ती ओळीवरून बोट पुढे सरकवायची, त्याच्या आवाजाच्या वेगाने. एका दुपारी पर्वतांच्या उंचीचा तक्ता आला. रेडिओने तो पूर्ण वाचला आणि थांबला.

"मास्तरीणबाई, जुळतंय?"

"जुळतंय. पुढे चला."

रेडिओने पुस्तक मिटलं. "मी तीन आकडे चुकीचे वाचले. मुद्दाम."

तिने तक्त्यावरून बोट उचललं.

"परवापासून तुम्ही मला एकदाही थांबवलं नाहीत. मला वाटलं, पान चांगलं छापलंय. पण इतकं चांगलं आपल्याकडे कधी छापलं जात नाही हो."

"माझी परीक्षा घेता?" तिचा आवाज चढला. "बावीस वर्षं बसतेय मी या खुर्चीवर!"

"म्हणूनच विचारतोय. काय झालंय?"

ती काठी घेऊन उठली आणि घरी निघून आली. खिडकीजवळ बसून तिने कपाटातलं सगळ्यात जुनं पुस्तक मांडीवर घेतलं. हे तर पाठच होतं. बोट फिरवत ती मनातल्या मनात म्हणत गेली आणि एका वळणावर पुढचं वाक्य आठवेना. बोटाखाली ते वाक्य होतं. ती पुन्हा पुन्हा तिथून गेली. आई गेल्यानंतर, भाऊ गाव सोडून गेल्यानंतर ती या घरात एकटीच राहत आली होती. पण हातात पुस्तक असताना एकटं वाटलं, असं त्या दुपारी पहिल्यांदा झालं.

आठव्या डोसाला सिस्टरने विचारायच्या आतच ती म्हणाली, "जात नाहीत. महिना झाला. मला वाचता येत नाही."

सिस्टरने मास्तरणीच्या तळहातावर एक बटण ठेवलं. "याला भोकं किती?"

तिने चाचपलं. "दोन?"

"चार."

डॉक्टर आले. "हे आधी कळायला हवं होतं," ते म्हणाले. चिडून नाही, पण मऊपणानेही नाही.

"तुम्ही औषध थांबवलं असतं."

"कमी केलं असतं. डोस कमी करणं हासुद्धा उपचारच असतो. आता मुंग्या आणणारं औषध बंद करू, दुसरं चालू ठेवू. त्याने उपचार वाया जात नाही. पण एक सांगतो, बंद केल्यावरही दोन-तीन महिने हे वाढू शकतं. मग हळूहळू उतरतं. सगळं उतरेलच, असं मी म्हणणार नाही."

"काठीचं टोक जमिनीला लागलेलं कळतं का?" सिस्टरने विचारलं. हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"पायऱ्यांवर नाही कळत."

"मग पायऱ्यांवर कठडा धरायचा. आणि तळपाय रोज हाताने नाही, मनगटाने तपासायचे. जखम झाली तर बोटांना कळणार नाही."

डॉक्टरांनी सांगितलं तसंच झालं. आधी वाढलं. ब्लाउजची बटणं काढून तिने वेल्क्रोच्या चिकटपट्ट्या लावून घेतल्या. छापखान्यात तिच्या जागी दुसरी मुलगी आली. रेडिओ शनिवारी घरी येऊन वाचून दाखवायचा. तो मनापासून वाचायचा आणि ती मनापासून आभार मानायची, पण तो गेला की पुस्तक त्याच्याबरोबर गेल्यासारखं वाटायचं. बोटाने वाचताना मध्ये कुणी नसे. हे त्याला सांगून त्याला दुखवावं, असं तिला वाटलं नाही.

बारा डोस पुरे झाले. तपासण्या चांगल्या आल्या. आठ महिन्यांनी डाव्या हाताच्या अनामिकेला एक अक्षर लागलं, मग शेजारचं. त्या बोटाने तिने आयुष्यात कधी वाचलं नव्हतं. शाळेतल्या पोरीसारखी ती रोज अर्धा तास सराव करू लागली. एक पान, सव्वा तास. उजवा हात तसाच राहिला.

एका रविवारी पान अर्ध्यावर असताना भावाचा फोन आला.

"काय करतेस?"

"वाचत होते, दादा."

"अरे वा," तो म्हणाला. मग तो तिकडच्या उकाड्याबद्दल सांगत बसला. ती ऐकत राहिली, मध्ये मध्ये हं म्हणाली.

फोन ठेवून तिने हात पुन्हा पानावर नेला. ओळ सुटली होती. अनामिकेने थोडा वेळ ती शोधली, आणि मग पान वरपासून पुन्हा सुरू केलं.