मोजा, सुरी आणि गुडघ्यामागची गाठ

मित्रांनो, खुर्चीच्या पायात कोंबलेला हा जुना, कातडीच्या रंगाचा मोजा मीच. फरशीवर ओरखडे पडू नयेत म्हणून मला इथे घातलंय. हसा खुशाल.

मी काही साधा मोजा नव्हे. घट्ट विणीचा, पाय दाबून धरणारा. एका आठ वर्षांच्या मुलीच्या पायात जन्मापासून रक्तवाहिन्यांचा गुंता होता. निळसर, मऊ गाठी. ती उभी राहिली की फुगायच्या, आडवी झाली की बसायच्या, मध्येच ठणकायच्या. रोज सकाळी अंथरुणातच पाय वर करायला लावून आई मला चढवायची. दिवसभर राबायचो मी आणि कौतुक व्हायचं दुसऱ्या पायातल्या पांढऱ्या, किनारीच्या मोज्याचं. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मग घरात ऑपरेशनचं ठरलं. आता सुरीच काय ते करेल, असं जो तो म्हणू लागला. इतके दिवस पाय सांभाळला मी आणि नाव त्या बोटभर सुरीचं!

ऑपरेशनच्या दिवशी मोजा न घालता आणा, असं सिस्टरनी बजावलं होतं. पण बसमध्ये लोक टक लावून बघतात म्हणून आईनं मला चढवलंच. मला उकळ्या फुटल्या. होतं नव्हतं ते बळ लावून मी आवळलं. गाठच दिसली नाही तर सुरी कापणार काय, कपाळ?

वॉर्डात मला उतरवलं. सर्जनबाईंनी मुलीला उभं करून गाठींभोवती पेनानं खुणा केल्या. जेवढ्या दिसल्या तेवढ्याच. पेनाला टोपण लावलं, तेव्हा मुलगी हळूच म्हणाली, "डॉक्टर, एक राहिली. गुडघ्यामागे. तुमच्या तपासणीनंतर आलीय. मोजा घातला की लपते."

सिस्टर आईला म्हणाल्या, "ताई, तुम्हीच झाकून आणलंत तर आम्ही शोधायचं कुठे?" आईनं मान खाली घातली.

सर्जनबाई स्टूल ओढून बसल्या. "पाय तुझा, तुलाच ठाऊक. थांबू या."

पंधरा मिनिटं ती पोर उभी राहिली. गाठ हळूहळू वर आली. बाईंनी तिच्याभोवती गोल काढला. मी खाटेवर चुरगळून पडलो होतो. ती गाठ राहिली असती तर ठणका कुणाला? सुरीला थोडाच!

ऑपरेशन नीट झालं. मोजा पुढेही लागेल, पण हा सैल झालाय, नवा घ्या, असं बाई म्हणाल्या. झालं! नवा आला, ताठ मानेचा. तो दोरीवर वाळत असला की वाटतं, वाऱ्यानं न्यावा मेल्याला. हेवा असा सुटत नाही, मित्रांनो.

तरी सांगतो. आमची वीण सैल झाली की आम्हाला बदला, उगाच ओढत बसू नका. आणि लोकांच्या नजरेसाठी दुखणं डॉक्टरपासून झाकू नका. बघणारे पुढच्या थांब्यावर उतरून जातात, पाय आपल्याजवळच राहतो.

ती मुलगी याच खुर्चीवर अभ्यासाला बसते. पाय आता पूर्वीसारखा ठणकत नाही, म्हणून सारखा झुलवते. टाच मला लागते. लागू दे.