वजन कोणाचं?

मी पायातली प्लेट बोलतेय. आधीच सांगते, मी नकली नव्हते. रडगाणं ऐकायला आला असाल तर दुसरीकडे जा.

कारखान्यात मला कापलं, घासलं, आठ भोकं पाडली. काम एकच: मोडलेलं हाड जुळेपर्यंत धरून ठेवायचं. नीट ऐका, जुळेपर्यंत. जन्मभर माणूस पेलायला मी काही हाड नाही.

देवासच्या मालनबाई ब्लाउज शिवतात. सोनकच्छहून परतताना बसच्या पायरीवरून घसरल्या आणि डाव्या नडगीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी मला त्या हाडावर ठेवून स्क्रू आवळले. घरी सोडताना म्हणाले, "अम्मा, तीन महीने वज़न बिलकुल नहीं."

मालनबाईंनी ते कसोशीनं पाळलं. पाण्याची बादली नाही, पिठाचा डबा नाही. देवापुढचा तांब्यासुद्धा मुलगी गुड्डीच भरून ठेवायची. आणि बाई स्वतः? दोन्ही पायांवर घरभर चालत होत्या! वॉकरवर टॉवेल वाळत होते. सकाळ-संध्याकाळ पायानं शिलाई मशीन धडधडत होती. पाय ठणकला की म्हणायच्या, हाड भरतंय.

भरतंय कुठलं! प्रत्येक पावलाला हाडातली फट उघडायची, मिटायची, आणि मी तिथेच जराशी वाकायचे, पुन्हा सरळ व्हायचे. दिवसातून हजारदा.

तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, "वज़न तो नहीं डाला?"

"लोटा भी नहीं उठाया, साब!" मालनबाई ताठ मानेनं म्हणाल्या. मला तोंड असतं तर तिथेच ओरडले असते.

चौथ्या महिन्यात, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी, मी मोडले. फटीसमोरच्या, स्क्रू नसलेल्या रिकाम्या भोकातून, आरपार.

दुसरं ऑपरेशन झालं. मला काढून हाडाच्या पोकळीत लांब रॉड घातला. माझे दोन तुकडे डबीत घालून गुड्डीच्या हाती दिले, तशी ती भडकली. "माई, नकली माल टाकला यांनी! तू लोटा नाही उचललास, फिर तुटली कशी? मी छोडणार नाही यांना!"

वॉर्डातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मला संताप आला, पण त्याहून जास्त भीती वाटली. डॉक्टर सांगून गेले होते की या खेपेला हाड जुळलं नाही तर पायाची खात्री नाही. दुसऱ्या दिवशी घरी सोडणार होते. म्हणजे पुन्हा तेच 'वज़न नहीं', पुन्हा बादली बंद आणि चालणं सुरू!

मालनबाईंनी माझा तुकडा हातात घेतला. मोडलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. मग केसातली पिन काढली आणि मागे-पुढे, मागे-पुढे वाकवत बसल्या. पिन तुटली.

"चाळीस वर्षं ब्लाउजचे हूक असेच तोडतेय मी," त्या म्हणाल्या. "ही दणक्यानं नाही तुटली, गुड्डे. हलून हलून तुटली. पण हलवली कोणी?"

डॉक्टर फेरीवर आले तेव्हा त्यांनी थेट विचारलं, "साब, वज़न मतलब किसका?"

"किसका मतलब? आपका, अम्मा. आपके शरीर का."

मालनबाई उसळल्या. "तो ऐसा बोलो ना, कि पैर मत टेको! हम तो बाल्टी का समझे. लिखो कागज पे, बड़े अक्षर में!"

डॉक्टरांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पैर ज़मीन पर नहीं टेकना.'

"हं, पण प्लेट..." गुड्डी पुटपुटली.

"खबरदार नकली म्हणशील तर! चार महिने माझं एवढं धूड पेललंय हिनं."

आता मी मशीनच्या खणात असते, बॉबिन आणि हुकांच्या डबीशेजारी. मालनबाई डावा पाय स्टुलावर ठेवून बसतात, कापड धरतात, आणि गुड्डी हातानं चाक फिरवते. शेजारच्या जानकीबाई येऊन सांगतात, "थोडं चालावं गं, पाय आखडेल." मालनबाई खण उघडून माझे तुकडे त्यांच्या हातावर ठेवतात. मग बसल्या जागी कोळशाची जड इस्त्री उचलतात. "हे वजन उचलायला कुठे मनाई आहे!" आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा हसतात.

मी मोडले, पण हरले नाही. तुमच्या घरी कोणाच्या पायात माझी बहीण असेल, तर मान डोलावून परत येऊ नका. डॉक्टरांपुढे उभे राहा आणि विचारा, वजन कोणाचं?