क्रेनची उडी

"तुम्ही इथे मधोमध उभे राहा. एकेक बाई धावत येईल, तिला उचला, वर धरा, मग खाली ठेवा," मॅडम म्हणाल्या. "सोपं आहे."

"आणि मग?" क्रेनने विचारलं.

"मग पुढची येईल."

"तिला?"

"तिलाही उचला."

"सगळ्यांना उचलून झाल्यावर मी काय करायचं?"

मॅडमनी क्षणभर विचार केला. बाई प्रामाणिक होत्या. "टाळ्या वाजतील," त्या म्हणाल्या.

प्रौढांच्या बॅलेच्या वर्गात वार्षिक कार्यक्रमाची तालीम चालली होती. नाचाचा विषय होता पक्षी. प्रत्येकीने स्टेजच्या एका कोपऱ्यातून निघायचं, उड्या मारत पार समोरच्या कोपऱ्यापर्यंत जायचं, आणि तोवर बाकीच्यांनी जागच्या जागी थांबायचं. म्हणजे प्रत्येकीला आयुष्यात एकदा का होईना, अख्खं स्टेज एकटीला मिळणार होतं. वर्गात क्रेन हा एकटाच पुरुष आणि तो पक्ष्यांत नव्हता. तो झाड होता, वारा होता की विजेचा खांब होता, हे मॅडमनी सांगितलं नव्हतं.

"आणि माझी उडी कधी?"

"तुमची?" हॉलच्या भिंतीने रजेचा अर्ज केल्यासारखा मॅडमचा चेहरा झाला. "अहो, तुम्ही आधार आहात!"

क्रेनच्या मानेची शीर तटतटली. लोक आपल्याला आधार म्हणायला लागले की काहीतरी जड येतंय हे ओळखावं, एवढं तो अनुभवाने शिकला होता. पण तोंड उघडेपर्यंत वर्गातली एक दातांची डॉक्टर धावत सुटली होती, आणि धावत येणाऱ्या डॉक्टरला उचलण्यावाचून गत्यंतर नसतं. त्याने उचललं.

क्रेन सामान हलवणाऱ्या कंपनीत कामाला होता. लोक घर बदलायचे आणि तो घर उचलायचा. हे नाव त्याला ट्रकवर पडलं, ट्रकमधून गल्लीत आलं आणि गल्लीतून नातेवाइकांत पसरलं. नातेवाइकांत त्याची लोकप्रियता अफाट होती. "ये रे, किती दिवसांत आला नाहीस," असा फोन आला की तो कमरेला पट्टा बांधूनच निघायचा. आधी कपाट सरकवायचं, मग जेवायचं. त्याला नुसतंच जेवायला कुणी बोलावल्याचं त्याला आठवत नव्हतं. जे तळमजल्यावर राहायला गेले, त्यांनी त्याच्याशी संबंध तोडले होते.

अशा माणसाने बॅलेत काय करायचं, हा प्रश्न सगळ्यांनी त्याला विचारला होता. उत्तर सरळ होतं. याच हॉलमध्ये त्याने एक पियानो आणून पोचवला होता. तो जिन्यात दम खात बसला असताना दार उघडं होतं. आत साठी केव्हाच उलटलेली एक बाई उडी मारत होती. उडी म्हणजे काय, खालून वर्तमानपत्र सरकवता येईल एवढीच. पण तिच्या हातात काही नव्हतं, डोक्यावर काही नव्हतं, पाठीवर काही नव्हतं. ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली, आणि पलीकडे काहीही पोचवायचं नव्हतं. क्रेन बघतच राहिला. असंही जाता येतं, हे त्याला चाळिशी ओलांडेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

वर्ग भरलेला होता. बाहेर थांबलेल्यांची यादीसुद्धा होती. पण मॅडमनी त्याच्याकडे खालून वर पाहिलं, खांद्यांशी जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "तुमच्यासाठी जागा करू."

"वर्ग भरलेला होता, तरी मला घेतलं," त्याने घरी येऊन बायकोला सांगितलं. "काहीतरी दिसलं असेल त्यांना माझ्यात."

"दिसलं असेल," बायको म्हणाली. "तुम्ही लांबूनसुद्धा दिसता."

ती असं बोलली खरी, पण घट्ट काळी विजार शोधायला चार दुकानं तीच फिरली. त्याच्या मापाची मिळेना तेव्हा तिने दोन विजारींची एक शिवली.

पहिल्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना हात गोल करून समोर धरायला सांगितले. "मोठा बॉल धरलाय असं समजा."

क्रेनने गुडघे वाकवले, पाठ सरळ केली आणि दात आवळले.

"अहो, हलका बॉल आहे."

"किती किलो?"

"शून्य."

शून्य किलो उचलायला त्याला तीन महिने लागले. त्याचे हात रिकामे राहायला तयारच नव्हते. मग सामान उतरवून झालं की रिकाम्या ट्रकच्या हौद्यात तो उड्यांची प्रॅक्टिस करू लागला. ड्रायव्हर पुढच्या केबिनमधून ओरडायचा, "क्रेनभाऊ, टायरांनी काय घोडं मारलंय तुमचं?" पण हळूहळू हात सैल पडले. एकदा तर उडीच्या मधोमध त्याला आपण कुठलं सामान विसरलो की काय अशी धडकी भरली, इतकं हलकं वाटलं.

आणि आता ही तालीम. डॉक्टरमागून एकेक करत सगळ्या उचलून झाल्या. शेवटी हेडबाई आल्या. जिन्यातून त्याने जिची उडी पाहिली होती, तीच ही बाई. शाळेत हेड होती, म्हणून वर्गातही हेडबाईच. वर गेल्यावर बाकीच्या किंचाळत होत्या. हेडबाईंनी डोळे मिटून घेतले. नंतर पाणी पिताना त्या त्याच्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"पडलेली पोरं उचलून उचलून माझी नोकरी संपली बघ," त्या म्हणाल्या. "मला कुणी उचललेलं मला आठवतच नाही. लहानपणी उचललं असेल, पण ते आपल्याला कुठं आठवतं?"

क्रेनचं लक्ष नव्हतं. तो मनातल्या मनात मॅडमना शिव्या देत होता.

"तोंडावर सांगायचं ना मग," घरी बायको म्हणाली.

"सांगणार होतो. पण हातात डॉक्टर होती."

"तिला खाली ठेवून सांगायचं."

"खाली ठेवली की दुसरी येते!" तो एकदम एवढ्या मोठ्याने ओरडला की बायकोच्या हातातली पळी थांबली. "सगळीकडे हेच! एक ठेवली की दुसरी. नाचायला गेलो मी. पैसे भरून गेलो. तिथेही हमाली?"

बायकोने गॅस बारीक केला. "आधी उडी मागा," ती म्हणाली. "नाही दिली तर उचलू नका. काय करतील? फाशी देतील?"

दुसऱ्या दिवशी कामावर एका घरमालकाने कपाट कपड्यांसकट भरलेलं ठेवलं होतं. "हळू न्या हं, रिकामं करायला वेळ नाही झाला." क्रेनने "हो साहेब" म्हटलं, कपाट पाठीवर घेतलं आणि जिन्याच्या वळणावर खाली ठेवून त्याची आईबहीण काढली. कपाटाने ऐकून घेतलं. वरच्या मजल्यावरचे शेजारी बाहेर आले, तेव्हा त्याने त्यांनाही नमस्कार केला आणि कपाट पुन्हा उचललं. राग हा सामानासारखाच असतो. कुठेतरी उतरवावाच लागतो, आणि उतरवताना बहुतेक वेळा पत्ता चुकतो.

पुढच्या तालमीला मात्र त्याने पत्ता चुकू दिला नाही.

"आधी माझी उडी," तो म्हणाला.

"आज वेळ नाही," मॅडम म्हणाल्या. "मधोमध या."

क्रेन मधोमध गेला नाही, कोपऱ्यात गेला. संगीत चालू होतं. त्याने शून्य किलोचा बॉल समोर धरला आणि निघाला. पहिल्या उडीला आरसे थरथरले. दुसऱ्या उडीला बायका भिंतीला चिकटल्या. तिसरीला मॅडमनी संगीत बंद केलं, पण क्रेन थांबला नाही. संगीताशिवाय, धाप, धाप, धाप करत तो समोरच्या कोपऱ्यापर्यंत गेला आणि हात वर करून उभा राहिला. छातीचा भाता चालला होता. खालच्या मजल्यावरून कुणीतरी काठीने छत ठोकलं, तेवढीच काय ती दाद.

"झालं समाधान?" मॅडम म्हणाल्या. "आता उचला."

एखादा माणूस नुसता हो म्हणतो तेव्हा त्याच्या आवाजाची जाडी लोकांना कळत नाही. क्रेन "नाही" म्हणाला आणि हॉल दचकला.

"नाही म्हणजे?"

"मी उचलणार नाही. मी नाचायला आलोय."

"तुम्हाला काय वाटतं, मी तुम्हाला का घेतलं?" मॅडमचा आवाज चढला. त्यांचाही कार्यक्रम तोंडावर आला होता. "वर्ग भरला होता. कितीतरी जण थांबले होते. त्यांना थांबवून तुम्हाला घेतलं, कारण उचलणारा माणूस मिळत नाही! बॅलेत पुरुष टिकत नाहीत. अहो, स्वतःच बघा ना आरशात. तुम्हाला काय राजहंस म्हणून घेतलं?"

दातांच्या डॉक्टरला हसू फुटलं. तिने लगेच तोंडावर हात धरला, पण हसू दातांतूनच येतं आणि तिचे दात चांगले होते.

क्रेनने आरशात पाहिलं. दोन विजारींची एक विजार घातलेला एक घामेजलेला माणूस त्याच्याकडे रागाने बघत होता. वर्ग भरलेला होता तरी मला घेतलं, हे त्याने बायकोला सांगितलं होतं. ड्रायव्हरला सांगितलं होतं. ताईला तर दोनदा सांगितलं होतं. तो वळला आणि पिशवी भरू लागला.

हेडबाई पुढे आल्या. "हिला सोड," त्या हळूच म्हणाल्या. "अक्कल नाही तिला बोलायची. पण मला तरी उचल कार्यक्रमात. मला एकटीला."

"नाही बाई."

"माझं काय चुकलं रे?"

"काही नाही चुकलं."

"मग?"

"एकीला उचललं की सगळ्या येतात," क्रेन म्हणाला. "आजवर हेच झालंय. नाही म्हणजे नाही."

हेडबाई शाळेत असत्या तर त्याला वर्गाबाहेर काढलं असतं. आता त्यांनी फक्त मान हलवली. "बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या, आणि भिंतीवरच्या सरावाच्या दांड्यापाशी जाऊन, आरशाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पिशवी घेऊन तो खाली उतरला. रागाने जिन्यातल्या दिव्याचं बटण त्याने एवढ्या जोरात दाबलं की ते आतच राहिलं.

त्या आठवड्यात ताईचा फोन आला. "येतोस का रविवारी? जेवायलाच ये. वॉशिंग मशीन जरा..."

"नाही."

"पाठ गेली का रे?"

"पाठ ठणठणीत आहे. मला उचलायचं नाही."

 ताईने फोन ठेवला आणि क्रेनच्या बायकोला लावला. "तो पितो का गं हल्ली?"

कार्यक्रमाला क्रेन गेला तो निव्वळ सूड म्हणून. मागच्या रांगेतली दोन तिकिटं काढून तो बायकोला घेऊन बसला. "आज पडणार," तो म्हणाला.

"कोण?"

"कार्यक्रम. मधोमध उचलायला कुणी नाही. धावत येणार आणि काय करणार? एकमेकींवर आदळणार."

पडदा उघडला. स्टेजच्या मधोमध, क्रेनच्या जागी, एक स्टूल होतं.

स्टुलाला निळं कापड गुंडाळलं होतं. एकेक पक्षी कोपऱ्यातून उड्या मारत यायचा, स्टुलावर चढायचा, हात पसरायचा, उतरायचा आणि पुढे जायचा. डॉक्टर चढली, टाळ्या वाजल्या. इतरही चढल्या. कुणी आदळलं नाही. काहीतरी कमी आहे असं थिएटरमधल्या एकाही माणसाला वाटलं नाही. स्टूल दमलं नाही, घामेजलं नाही, आणि त्याने कसलाही हट्ट धरला नाही.

"चांगलं स्टूल आहे," बायको म्हणाली. मग तिने त्याचा चेहरा पाहिला. "तुमच्याएवढं नाही."

क्रेनने खुर्चीचे हात इतके घट्ट धरले होते की शेजारच्या माणसाने आपला हात काढून घेतला. मॅडमचा राग आला, स्टुलाचा आला, टाळ्या वाजवणाऱ्यांचा तर फारच आला. ज्या हातांनी चार जिने पियानो चढवला, त्यांची जागा एका सुताराने अर्ध्या दिवसात भरून काढली होती.

शेवटी हेडबाई आल्या. एकट्या, अख्ख्या स्टेजवर. उडी तीच, वर्तमानपत्राएवढी. स्टुलापाशी येऊन त्या थांबल्या. त्यांनी स्टुलाकडे पाहिलं, त्याला वळसा घातला आणि पुढे येऊन जमिनीवरच उभ्या राहिल्या. हात वर केले. डोळे मिटले. उचलून वर धरण्याइतका वेळ त्या तशाच राहिल्या. संगीत संपलं तरी राहिल्या. लोकांना टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कळेना. मग दिवे गेले.

अंधारात कुणीतरी खोकलं.

"ही का नाही चढली?" बायकोने विचारलं.

क्रेन अजून स्टेजच्या अंधाराकडेच बघत होता.

"गुडघे दुखत असतील बिचारीचे. हिलाही उचलायचे का तुम्ही?"

"हो."

"जड असेल."

"नाही," क्रेन म्हणाला.  "काहीच वजन नव्हतं तिचं."