बाहेरची कडी

ज्या साली बोंडअळीनं कापूस खाल्ला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात फरहाला घाटंजी रस्त्यावरच्या वृद्धाश्रमात नोकरी लागली. नर्सिंगचा कोर्स होऊन वर्ष झालं होतं. अब्बा, म्हणजे निजामुद्दीन मिस्त्री, मोटारसायकली दुरुस्त करायचे. पण त्या वर्षी लोकांनी गाड्या घराबाहेर काढणंच कमी केलं होतं. मिळेल ती नोकरी धरायची, असं घरात ठरलं.

आश्रम म्हणजे बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याचं आवार. जिथं पूर्वी सरकीची पोती रचत, त्या लांब खोलीत आता बायकांच्या खाटा होत्या. पुरुष पलीकडे, जुन्या ऑफिसात. कोणाचा मुलगा वीटभट्टीवर गेलेला, कोणाचा सुरतेला. म्हाताऱ्या माणसांना तिकडं नेता येत नव्हतं आणि मागं एकटं ठेवताही येत नव्हतं.

व्हरांड्यात शासनाच्या नियमांचा फलक होता. रहिवाशांना चोवीस तास पिण्याचं पाणी मिळावं, हवा खेळती असावी, कोणालाही कोंडून ठेवू नये. फरहानं तो पहिल्याच दिवशी वाचला. त्याच्या शेजारीच बायकांच्या खोलीचं दार होतं आणि दाराला बाहेरून कडी. वापरून वापरून चकचकीत झालेली.

"साहेब, ही कडी?" तिनं व्यवस्थापकांना विचारलं.

पंजाबराव मऊ आवाजाचा, सडपातळ माणूस होता. "सिस्टर, एक म्हातारी अशीच भर दुपारी निघून गेली होती. ट्रकखाली येता येता वाचली. जेवणानंतर तुम्ही एकट्याच राहता ड्यूटीवर. चहापर्यंत लावत जा कडी. त्यायच्याच भल्यासाठी आहे."

फलक आणि कडी, दोन्हींकडे पाहत फरहा क्षणभर थांबली. मग जेवणं झाल्यावर तिनं कडी लावली.

पुरुषांकडे गोळ्या देत असताना तिला थापा ऐकू आल्या. लाकडावर उघड्या तळहाताच्या थापा, सावकाश, दमलेल्या. ती लगबगीनं परत आली. कडी सरकवलेली होती आणि दार सताड उघडं. आत सगळ्या बायका आपापल्या खाटेवर पडून होत्या.

"कडी कोणी काढली?"

दाराजवळच्या खाटेवरची मथुराबाई उठून बसली. "भुरीबाईनं. तेच काढते."

"कोणती भुरीबाई?"

मथुराबाईनं हनुवटीनं कोपऱ्यातली खाट दाखवली. तिच्यावर गादी नव्हती, नुसत्या लोखंडी पट्ट्या होत्या.

संध्याकाळी फरहानं पंजाबरावांना विचारलं. त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. "भुरीबाई गेल्या वैशाखात वारली. ऊन लागलं. इथं कोण काय बोलते, ते मनावर घेऊ नका."

दुसऱ्या दिवशी कडी लावली, तर पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पंजाबरावांनी बाजारातून कुलूप आणलं, स्वतः लावलं आणि किल्ली खिशात टाकली. त्या दुपारी थापा ऐकू आल्या नाहीत. फरहा हातपंपावर पाणी आणायला निघाली आणि अंगणात जागीच थांबली.

कडुलिंबाच्या झाडाखाली सगळ्या बायका बसल्या होत्या. पदर सावरून, एकमेकींना टेकून, लग्नाच्या मांडवात बसाव्या तशा. त्यांच्यात सोनीबाई होती. लकवा मारल्यापासून सोनीबाईला कूस बदलायलाही माणूस लागायचं. आता ती खोडाला पाठ लावून बसली होती आणि अर्ध्या तोंडानं हसत होती.

फरहानं मागं वळून पाहिलं. दार बंद होतं. कुलूप जसंच्या तसं.

ती सोनीबाईपाशी गुडघ्यांवर बसली, तिचे पाय हातात घेतले. अंगणात घोट्यापर्यंत फुफाटा होता, आणि सोनीबाईच्या तळपायांना धुळीचा कणही नव्हता.

"मावशी, तुमाले बाहेर कोणी आणलं?"

"आतमंदी लय गरम होते ना, पोरी," मथुराबाई म्हणाली. "तिले आमची कीव येते."

बायकांना आत न्यायला कुलूप उघडावं लागलं. पंजाबरावांनी दोनदा प्रयत्न केला, किल्ली भोकात बसेना. शेवटी फरहानं ती त्यांच्या हातातून घेतली.

"दुसरी किल्ली असल कोणाजवळ," ते म्हणाले. कोणी काही विचारलं नव्हतं.

त्याच आठवड्यात सरकारी तपासणी होती. यवतमाळहून आत्राम मॅडम जीपनं आल्या. पंजाबरावांनी सकाळीच कुलूप काढून ठेवलं होतं, माठ भरून घेतले होते, आणि फरहाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "विचारल्याशिवाय बोलू नका, सिस्टर. तुमची नोकरी नवीन आहे."

आत्राम मॅडम मध्यम वयाच्या, घाई न करणाऱ्या बाई होत्या. त्यांनी माठात डोकावून पाहिलं, पंखे चालू करून पाहिले, सोनीबाईच्या पाठीला जखमा आहेत का ते तिची परवानगी घेऊन पाहिलं. दुपार झाली तेव्हा सगळे बायकांच्या खोलीत उभे होते. मॅडमनी विचारलं, "दाराला बाहेरून कडी आहे. ती लावते का कोणी?"

सगळ्या बायकांचे डोळे पंजाबरावांकडे गेले आणि परत जमिनीवर आले.

"मी लावते," फरहा म्हणाली. "रोज दुपारी. मले तसं सांगितलं आहे."

पंजाबराव काही म्हणणार, तोच दार हळूहळू लोटलं गेलं. उंबऱ्याला लागलं. आणि बाहेरून कडी सरकल्याचा आवाज आला.

"वारा आहे," पंजाबराव म्हणाले.

झरोक्यातून दिसणाऱ्या कडुलिंबाचं पान हलत नव्हतं. मॅडमनी दार ओढून पाहिलं. मग ड्रायव्हरला हाका मारल्या. तो फाटकाबाहेर जीपमध्ये झोपला होता. पंखा गरगरत होता, तो मंदावला आणि थांबला. टिनाचं छप्पर तापलेलं. काही मिनिटांत सगळ्यांचे कपडे अंगाला चिकटले. बायका मात्र शांत बसून होत्या. त्यांना हे सगळं माहीत होतं.

पंजाबरावांनी दारावर मुठी मारल्या. मग ते मागं सरकले, भिंतीला टेकून खाली बसले आणि कोपऱ्यातल्या उघड्या खाटेकडे पाहून बोलू लागले.

"भुरीबाई, मी येतच होतो वं माय. पाणी घेऊनच येत होतो. मधात पाहुणे आले. मले वाटलं, चहाच्या टायमाले उघडू..."

"कोण भुरीबाई?" मॅडमनी विचारलं.

तेव्हा मथुराबाई बोलली. "त्या दिवशी अशीच लाइट गेलती, मॅडम. माठ कोरडा. तिचे डोळे मोतीबिंदूनं गेलते, पर हातापायानं धड होती ते. आमच्यासाठी उठून दार वाजवून राह्यली. लय वेळ. मंग बसून वाजवलं. मंग वाजणं बंद झालं."

तेवढ्यात दारावर आतून थाप पडली. दाराजवळ कोणीच नव्हतं. उघड्या तळहाताची थाप, खाली, बसलेल्या माणसाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर. मॅडमनी फरहाचं मनगट धरलं. पुन्हा एक थाप पडली. मग कडी मागं सरकली, आणि उन्हाचा पट्टा आत आला.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. पोलीस आले, जबाब झाले, मथुराबाईचा जबाब सगळ्यात मोठा होता. पंजाबरावांनी काही नाकारलं नाही; खटला पुढं खूप दिवस चालला. आत्राम मॅडमनी निघण्यापूर्वीच आदेश दिला होता, कडी आजच्या आज काढा. निजामुद्दीन मिस्त्रींनी ग्राइंडर आणून ती मुळापासून कापली. कापताना त्यांनी मुलीला विचारलं, "बेटा, डर लगता क्या यहाँ?" फरहानं खरं सांगितलं, "हाँ अब्बा."

पण थापा थांबल्या नाहीत. दार उघडं, पंखे चालू, माठ भरलेले, आणि दुपार झाली की उघड्या दारावर थापा. बायका झोपेनात. सोनीबाई रडायला लागली.

"आता तिले काय पाह्यजे, मावशी? दार तर उघडंच आहे."

"तिले कुठं दिसते, उघडं हाय का लावलेलं?" मथुराबाई म्हणाली. "हात धरूनच चालाची ते. राळेगावले लेकीकडं जाचं होतं तिले. कोणी नेलंच नाही."

फरहा बराच वेळ दारात उभी राहिली. तिला पळून जावंसं वाटत होतं. मग तिनं डोक्यावर ओढणी घेतली आणि रिकाम्या दाराजवळ हात पुढं केला.

"आजी, दार उघडं आहे. चला, मी सोडते."

काही क्षण काहीच झालं नाही. मग कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या काड्यांसारखी कोरडी, थंड बोटं तिच्या तळहातात येऊन बसली.

ती ओरडली नाही. पायरी आली तेव्हा "पायरी आहे" म्हणाली. अंगणात उन्हाच्या झळा नाचत होत्या आणि तिचा हात गारठत चालला होता. फाटकाशी बोटांनी घट्ट पकड घेतली. फरहानं मान वळवली नाही. रस्त्याच्या कडेला दोघी थांबल्या. पलीकडच्या वावरात मागच्या हंगामाच्या पऱ्हाट्या अजून तशाच वाळत उभ्या होत्या.

राळेगावची एसटी आली. फरहानं हात केला नव्हता, तरी ती थांबली. कंडक्टरनं दार उघडलं.

"कुठं जाचं, ताई?"

"मी नाही," फरहा म्हणाली. "या..."

तळहातातली बोटं एकेक करून सुटली. कंडक्टर तिच्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहत राहिला, मग अंग चोरून आत सरकला, कोणाला तरी वाट द्यावी तसा. ते त्यालाही कळलं नसावं. त्यानं घंटी मारली आणि गाडी धूळ उडवत गेली.

फरहा परत आली तेव्हा सगळ्या बायका झोपल्या होत्या. सोनीबाई घोरत होती. मथुराबाई तेवढी जागी होती.

"बसली का?"

"मले नाही दिसली, मावशी."

"बसली असल," मथुराबाई म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड करून तीही झोपली. फरहानं दाराजवळ खुर्ची घेतली. चहाची वेळ होईपर्यंत ती तिथंच बसून होती, गारठलेला हात काखेत धरून.