एप्रिकॉटचा चौथा अंक

हॅरिएटबाईंनी पांढऱ्या हातमोज्यातल्या दोन बोटांनी पान उलटलं आणि त्या थांबल्या. म्युझियमच्या माणसाने एका पानावर थांबणं हे शुभलक्षण, असं समजून विष्णू कारखानीस सोफ्यावर पुढे सरकले.

"मिस्टर कारखानीस, हे लाल काय आहे?"

चित्रात तळ्याकाठी एक अप्सरा बसली होती. शंभराहून जास्त वर्षं ती उघडीच बसली होती. म्हणून तर 'द एप्रिकॉट' या मासिकावर व्हिक्टोरिया राणीच्या इंग्लंडात गदारोळ माजला होता. एका बिशपने हा चौथा अंक भर रस्त्यात गटारात फेकला आणि दुसऱ्या कोणाच्या हाती पडू नये म्हणून स्वतःच उचलून घरी नेला होता. आता अप्सरेच्या अंगावर, जिथे जिथे असायला हव्यात तिथे तिथे, तीन टिकल्या होत्या. खालची जरा मोठी, खड्याची.

"अगं!" विष्णूंनी स्वयंपाकघराकडे हाक मारली.

मधुमती चहाचा ट्रे घेऊन आल्या. "मीच लावल्या. हळदीकुंकवाला कॉव्हेंट्रीतल्या निम्म्या बायका घरात, आणि सुप्रभाताईंनी नेमकं तेच पान उघडलं. जानेवारी महिना, बाहेर बर्फ, आणि ही अशी!"

"बिशपला नाही झाकता आली ती!"

"त्यांच्याकडे टिकल्या नसतील."

विष्णूंनी मोटारींच्या कारखान्यात बावीस वर्षं दरवाजे बसवले. तिथे ते 'व्हिक' होते. निवृत्तीला मिळालेल्या घड्याळावरही 'व्हिक'च होतं. पूर्ण नावाला जागा पुरत नाही, असं कारण दिलं. घड्याळ भिंतीवरचं होतं. पुढे रविवारी रविवारी कार बूट सेलमध्ये लोकांच्या डिक्क्या उपसून त्यांनी 'एप्रिकॉट'चे चारही अंक जमवले. ते म्युझियमला फुकट द्यायचे होते. प्रदर्शनाच्या काचेशेजारी फक्त एक कार्ड हवं होतं: 'विष्णू कारखानीस यांच्या संग्रहातून.'

"काढतो, लगेच काढतो," म्हणत त्यांनी नख पुढे केलं, तशा हॅरिएटबाई किंचाळल्याच. "प्लीज! हात लावू नका!" मग टिकल्यांवर झुकून हळूच म्हणाल्या, "अद्भुत आहे हे."

महिन्याने म्युझियमचा फोन आला. तो समरने घेतला. मुलाचा जन्म इथलाच. मराठी तो पाहुण्यांच्या कपबश्यांसारखी जपून वापरायचा.

"बाबा, ते फक्त फोर्थवाली ठेवणार. बाकी तीन लंडनमध्ये पण आहेत. टिकलीवाली कुठेच नाही. फर्स्ट रूममध्ये लावणार!"

"आणि नाव?"

"नाव नको म्हणतात. नाव टाकला तर ते एका घराचा होतो. नाही टाकला तर होल कम्युनिटीचा."

विष्णूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "व्हिक तरी होतो रे," म्हणाले.

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला दोघं गेली. विष्णूंनी सूट घातला होता. काचेखाली अप्सरा, टिकल्यांवर वेगळा दिवा. विष्णूंनी चष्मा पुसून कार्ड वाचलं आणि बायकोला मराठीत सांगितलं: 'अज्ञात दक्षिण आशियाई स्त्री. निषेध. कागदावर टिकल्या.'

समोर कॉलेजातल्या दोन मुली उभ्या होत्या. "बिचारी," एक म्हणाली, "तिला कधी कोणी काही विचारलंच नसेल." त्यांना नीट दिसावं म्हणून मधुमती बाजूला झाल्या.

मुली पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे मी का?"

"हो."

"अज्ञात?"

"हो."

"माझ्या हातचा चहा प्यायली की ती हॅरिएट. दोन कप."

त्यांनी कपाळावरची टिकली काढली आणि कार्डावर, पहिल्या शब्दावर, अंगठ्याने दाबून बसवली. पहारेकरी दुसरीकडे बघत होता.

बसस्टॉपवर बोचरं वारं होतं. विष्णूंनी वळून पाहिलं.

"कपाळ मोकळं दिसतंय गं. मी आहे अजून."

"असं लिहिलंय कुठे?"

बस आली. विष्णूंनी नाव वर दिसेल असा पास धरला. ड्रायव्हरने न बघताच मान हलवली.